छातीतला खड्डा, पुढे आलेली छाती : मुलं लपवतात, आपण बोलूया (नाशिक)

मल्लखांब_सर

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका शाळेत पीटी शिकवतो. मुलांच्या छातीच्या ठेवणीतल्या दोषांवर इथे शोधाशोध केली, एकही स्वतंत्र धागा मिळाला नाही, म्हणून हा काढतोय. लांबेल, पण पालकांनी शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

मल्लखांबाला आणि पोहायला मुलं उघड्या अंगाने उतरतात. त्यामुळे आम्हा पीटीवाल्यांना जे दिसतं ते वर्गशिक्षकांना दिसत नाही. मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की घरच्यांनाही दिसेनासं होतं, कारण तो न्हाणीतून शर्ट घालूनच बाहेर येतो. चांगला खेळणारा मुलगा सातवीत एकदम खेळ सोडतो. क्लास लागला, गुडघा दुखतो, असं काहीतरी कारण येतं. त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर ऐन मे महिन्यात अंगात टी-शर्ट ठेवून कडेला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या छातीच्या मधोमध खळगा असतो, काहींची छाती मधेच टोक काढून पुढे आलेली असते. बाकीची पोरं त्यावरून चिडवतात आणि हा घरी एक शब्द बोलत नाही.

छातीचं मधलं हाड आणि बरगड्या यांना जोडणाऱ्या कूर्चा (कानाच्या पाळीत असतात तशी लवचिक, नरम हाडं) वेड्यावाकड्या वाढल्या की ते हाड आत ओढलं जातं किंवा बाहेर ढकललं जातं. आत गेलं तर डॉक्टर पेक्टस एक्सकॅव्हेटम म्हणतात, बाहेर आलं तर पेक्टस कॅरिनॅटम. आत जाण्याचा प्रकार जास्त आढळतो, साधारण तीनशे-चारशे मुलांत एकाला. मुलींपेक्षा मुलग्यांत तीन-चार पट जास्त. म्हणजे मोठ्या शाळेत असे दोन-चार विद्यार्थी असणारच.

माझ्या भाच्याला हा खळगा जन्मापासून होता. आंघोळ झाल्यावर आडवा पडला तर त्यात पाणी साचून राहायचं. घराजवळच्या डॉक्टरांनी दर वेळी सांगितलं, वाढेल तसं भरून येईल. तेराव्या वर्षी पोरगं सपाट्याने उंच झालं आणि खळगा वर्षभरात दुप्पट खोल गेला. जिना चढताना धाप लागायला लागली. तेव्हा कुठे तपासण्या झाल्या, पुढे मुंबईत ऑपरेशन झालं. आता तो बरा आहे, पोहतो.

तीन गोष्टी आधीच सांगून टाकतो. गरोदरपणात आईने काय खाल्लं, कशी झोपली, याचा यात दोष नाही. मूल कुबड काढून बसतं म्हणून खड्डा पडत नाही, खड्डा लपवायला ते खांदे पुढे घेऊन बसतं. आणि यावर उपचार आहेत, त्यांतले काही एका वयापर्यंतच नीट लागू पडतात. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

इंदिरानगरची_आई

सर, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. छातीच्या खालच्या भागात खळगा आहे, फार खोल नाही. धावतो, खेळतो, काही त्रास नाही. डॉक्टर म्हणाले थांबा. सासूबाई म्हणतात माझ्या दिरालाही असंच होतं. नक्की किती थांबायचं? आणि थांबायचं म्हणजे काहीच करायचं नाही का?

सूर्यनमस्कार_रोज

सर, विषय छान काढलात. पण माझं मत स्पष्ट आहे. रोज सूर्यनमस्कार, दंड, प्राणायाम आणि भरपूर पोहणं. मी व्यायामशाळेत कैक मुलांच्या छात्या भरलेल्या पाहिल्या आहेत. लगेच कापाकापीकडे जाऊ नये.

शल्यक

मूळची पंचवटीची, सध्या मुंबईत बालशल्यचिकित्सक आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण सर्वसाधारण माहिती देते.

सूर्यनमस्कार_रोज, व्यायामाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. खांदे मागे जातात, पाठ सरळ होते, दम वाढतो, मूल ताठ उभं राहायला शिकतं. सौम्य खळगा तेवढ्याने बराच झाकला जातो. हाड आणि कूर्चा मात्र व्यायामाने जागेवर येत नाहीत. उलट खोल खळगा असलेल्या मुलाने फक्त छातीचे स्नायू वाढवले तर दोन्ही बाजू फुगतात आणि मधला खड्डा जास्त उठून दिसतो. म्हणून व्यायाम जरूर करा, पण त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका.

इंदिरानगरची_आई, 'थांबा' याचा अर्थ लक्ष ठेवून थांबा. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी, त्याच जागी त्याच उजेडात समोरून, बाजूने आणि वरून फोटो, उंची-वजनाची नोंद. मूल उंच होण्याचा झपाटा सुरू झाला की, साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान, खळगा खोल जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्या वेळी वर्षभर कुणी पाहिलंच नाही, असं व्हायला नको. घरात दुसऱ्या कुणाला असणं नेहमीचं आहे, बऱ्याच रुग्णांच्या नात्यात कुणीतरी सापडतंच.

तुमच्या मुलाच्या वयाला एक बिनऑपरेशनचा उपायही विचारता येतो, व्हॅक्यूम बेल. सिलिकॉनचा खोलगट कप खळग्यावर बसवायचा आणि हातपंपाने आतली हवा काढायची, म्हणजे हाड वर उचललं जातं. जर्मनीच्या एकार्ट क्लोबे नावाच्या इंजिनिअरने तो तयार केला, त्यांना स्वतःलाच हा दोष होता. सुरुवात दिवसातून दोनदा अर्ध्या तासाने, मग हळूहळू काही तासांपर्यंत, आणि हे निदान वर्षभर चिकाटीने. लहान वय, लवचिक छाती, दीड सेंटिमीटरपेक्षा कमी खोली, अशा मुलांना जास्त फायदा होतो. कातडी लाल होते, बारीक रक्ताचे ठिपके येतात, पाठ दुखू शकते. रक्त न गोठण्याचे आजार, ठिसूळ हाडं, महाधमनीचे (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे) विकार असलेल्यांनी वापरायचा नाही. ऑनलाइन मागवून स्वतःच लावू नका, पहिल्यांदा डॉक्टरांसमोरच लावायचा.

इंदिरानगरची_आई

डॉक्टर, खूप खूप आभार. पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.

अंबडकर

माझ्या मुलाची छाती पुढे आलेली होती. पोरं 'कबुतर' म्हणायची. मी कंपनीत फिटर आहे, मला वाटलं हाड म्हणजे हाड, ते ऑपरेशनशिवाय कसं हलणार? पण त्याला ब्रेस दिला. पुढे एक पट्टी, मागे एक पट्टी, बाजूने आवळायचे स्क्रू. दातांना तार लावतात तोच प्रकार, सतत थोडा थोडा दाब. मुलगा तेरा वर्षांचा होता, डॉक्टर म्हणाले कूर्चा अजून नरम आहे, हीच वेळ.

खरं सांगायचं तर ब्रेसपेक्षा नाशिकचा उन्हाळा अवघड गेला. घामाने पट्टीखाली कातडी सोलली गेली. आतून सुती बनियन, तेही शिवण बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे शिवणीचा वळ उठत नाही. पट्टीखालची जागा रोज धुवून पूर्ण कोरडी केल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही. कातडी दाबून सोडली आणि लाली लवकर गेली नाही तर दाब कमी करायला दाखवायचं. शाळेत युनिफॉर्म एक साइज मोठा घेतला. सुरुवातीला झोपेतसुद्धा घालायचा होता, दोन आठवडे घरात कुणाचीच झोप झाली नाही. मग त्याला सवय झाली. काही महिन्यांत फरक डोळ्यांना दिसायला लागला, मग तो स्वतःच घालायला लागला. छाती बसल्यावरही डॉक्टरांनी एकदम बंद केला नाही, बरेच महिने फक्त रात्री घालायला लावला, नाहीतर परत पुढे येते म्हणे.

शल्यक

अंबडकर, फार मोलाचं लिहिलंत. पुढे आलेल्या छातीला आज बहुतेक मुलांत ब्रेस हाच पहिला उपचार असतो. अर्जेंटिनाचे बालशल्यचिकित्सक मार्सेलो मार्टिनेझ-फेरो यांनी दाब मोजता येणारा ब्रेस पुढे आणला. छाती सपाट व्हायला किती दाब लागतो ते आधी मोजायचं आणि त्यावरून ठरवायचं की ब्रेस चालेल की नाही. हा दोष बहुतेकांत दहाव्या वर्षानंतर, वाढीच्या वेळी लक्षात येतो. कूर्चा कडक व्हायच्या आत ब्रेस लागला पाहिजे, वीस वर्षांच्या मुलात त्याचा उपयोग फार कमी. आणि ब्रेस कपाटात राहिला तर काहीच होत नाही. यश सगळं किती तास घातला यावर. त्यामुळे मुलाची स्वतःची तयारी हवी, जबरदस्तीने हे होत नाही.

गोदाकाठ_काका

माझं वय अठ्ठावन्न. माझ्या छातीत चांगला वाटीभर खड्डा आहे. कळसूबाई चढलो आहे, सप्तशृंगीला अनेक वेळा पायी गेलो आहे, आयुष्यभर सायकल चालवली. मला कधी काही झालं नाही. माझ्या वडिलांनाही होता. आपण आजकाल प्रत्येक गोष्टीला आजार ठरवतो, असं मनापासून वाटतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या छातीत ऑपरेशन करून लोखंडाची पट्टी घालायची, ती कशासाठी? चार लोकांना बरं दिसावं म्हणून? मुलाला सांगावं की तू जसा आहेस तसा चांगला आहेस.

निफाडकर

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी आता बावीस वर्षांचा आहे, सोळाव्या वर्षी माझं छातीत पट्टी घालायचं ऑपरेशन झालं. डोनाल्ड नस या सर्जनच्या नावावरून त्याला नस ऑपरेशन म्हणतात.

मला घरी सगळ्यांनी हेच सांगितलं, तू आहेस तसा चांगला आहेस. पण आमच्याकडे सगळी पोरं विहिरीत पोहायला जायची, मी काठावर कपडे सांभाळत बसायचो. दहावीपर्यंत मी एकदाही मित्रांसमोर शर्ट काढला नाही. जत्रेत कुस्त्यांना नाव दिलं नाही. झोपताना छातीवर उशी घेऊन झोपायचो, चुलतभावांना दिसू नये म्हणून. हे चार लोकांना बरं दिसण्यासाठी नव्हतं, मला माणसांत मिसळायचं होतं. आणि धावताना इतरांच्या आधी माझा दम जायचा. मला वाटायचं मीच कमजोर. तपासणीत कळलं की हृदय डावीकडे सरकलंय आणि उजवी बाजू दाबली गेलीये.

आता ऑपरेशनबद्दल. दोन्ही काखांखाली छोटे छेद देतात. दुर्बिणीतून बघत, हाडाच्या मागून वाकवलेली धातूची पट्टी सरकवतात आणि मग ती उलटी फिरवतात, की छाती त्याच क्षणी वर येते. हे मला नंतर डॉक्टरांनी मोबाइलवर दाखवलं. शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा हनुवटी खाली करून बघितलं, तर छाती सपाट.

पण दुखतं. कुणी सांगत असेल की दुखत नाही तर विश्वास ठेवू नका. पाठीत नळी टाकून औषध चालू होतं तरी पहिले चार दिवस श्वास घ्यायची भीती वाटायची. शिंक आली की जीव जायचा. कोपरावर भार देऊन उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. आई मानेखाली आणि पाठीमागे हात घालून मला एका लाकडाच्या ओंडक्यासारखं सरळ उठवायची. कारने घरी आलो, सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये मऊ उशी, कसारा घाटात वडिलांनी गाडी रांगत आणली. दोन आठवड्यांनी बरं वाटायला लागलं. सहा आठवडे दप्तर उचलायचं नव्हतं. पट्टी जवळपास तीन वर्षं आत होती. काढायचं ऑपरेशन अगदीच सोपं होतं, दुसऱ्या दिवशी घरी.

मला ऑपरेशन करून घ्यायचं होतं, हे सर्वांत महत्त्वाचं. घरच्यांनी ठरवून टेबलावर झोपवलं असतं तर ते चार दिवस मी सहन करू शकलो नसतो.

मनमाडची_मावशी

निफाडकर, बाळा, किती छान लिहिलंस. माझ्या पुतण्याला दाखवते हे.

शल्यक

गोदाकाठ_काका आणि निफाडकर, दोघांचंही म्हणणं माझ्या ओपीडीत रोज ऐकते, आणि दोघांच्याही बाजूने बोलता येतं. सौम्य खळग्याची असंख्य माणसं काकांसारखं निरोगी आयुष्य जगतात, त्यांना काहीही करायची गरज नसते. कोणत्या मुलाला पुढे न्यायचं ते ठरवायला मोजमाप आहे. सीटी स्कॅनवर छातीची आतली आडवी रुंदी मोजायची, आणि हाड जिथे सर्वांत आत गेलंय तिथून मणक्यापर्यंतचं अंतर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की हॅलर इंडेक्स मिळतो. अमेरिकन सर्जन अ‍ॅलेक्स हॅलर यांनी १९८७ मध्ये तो मांडला. सर्वसाधारण छातीत तो अडीचच्या आसपास असतो, सव्वातीनच्या पुढे गेला की दोष गंभीर मानतात. पण नुसत्या आकड्यावर ऑपरेशन ठरत नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयावरचा दाब बघतो, फुप्फुसांची क्षमता तपासतो, दम लागतो का विचारतो, आणि मुलाला एकट्याला बसवून विचारतो की तुला याचं काय वाटतं. ही शेवटची तपासणी बऱ्याच ठिकाणी राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगते.

ऑपरेशनने नेमका किती फायदा होतो यावर जगभर वाद आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ मध्ये हे ऑपरेशन नेहमीच्या खर्चात बसवणं थांबवलं, पुरावा अपुरा आहे म्हणून. पुढे अतिगंभीर रुग्णांसाठी वाट पुन्हा उघडली. फुप्फुसांच्या आकड्यांत फार मोठा फरक पडत नाही, पण हृदयाला जागा मिळते आणि बरीच मुलं सांगतात की दम वाढला. मनावरचं ओझं उतरणं हाही माझ्या मते खराखुरा फायदा आहे. एखादं मूल पाच वर्षं शर्टाआड जगत असेल तर त्याला 'फक्त दिसण्याचा प्रश्न' म्हणणं मला पटत नाही.

थोडा इतिहास, कारण जुन्या ऐकीव गोष्टींमुळे पालक घाबरतात. १९४९ मध्ये मार्क रॅव्हिच यांनी छाती उघडून वाकड्या कूर्चा काढण्याची पद्धत मांडली. अगदी लहान मुलांत खूप कूर्चा काढल्या तर पुढे छातीच वाढत नाही, हे नंतर लक्षात आलं. हॅलर यांनीच १९९६ मध्ये त्यावर इशारा दिला. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलाचं मोठं ऑपरेशन करायची घाई आज कुणी करत नाही. डोनाल्ड नस यांनी व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये १९८७ साली कूर्चा न कापता पट्टी घालायला सुरुवात केली आणि १९९८ मध्ये दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हापासून चित्र बदललं. वयाच्या बारा ते सोळाच्या दरम्यान ते बरं पडतं.

धोकेही ऐका. पट्टी सरकणं, जंतुसंसर्ग, छातीत हवा साठणं. हृदयाला इजा होणं फार विरळ, पण होऊ शकतं, म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या टीमकडेच जा. आधी निकेलची अ‍ॅलर्जी विचारतात, असेल तर टायटॅनियमची पट्टी घालतात. दुखणं कमी करायला आता काही ठिकाणी बरगड्यांमधल्या नसा गोठवतात, काही महिने तिथे बधिरपणा राहतो आणि मग संवेदना परत येते. निफाडकर यांच्या वेळी ते नव्हतं असं दिसतं.

गोदाकाठ_काका

निफाडकर, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. विहिरीच्या काठावरचं वाचून गप्प झालो. तू योग्य केलंस. माझं म्हणणं सौम्य खड्ड्यापुरतं आहे, ते डॉक्टरांनी नीट सांगितलं.

गंगापूररोडची_आजी

आमची नात दीड महिन्याची आहे. रडली की छातीखाली खड्डा पडतो. मालिशवाल्या बाई म्हणतात, रोज तेल लावून छाती दोन्ही बाजूंनी दाबून वर उचलली की महिनाभरात बसेल. सून घाबरली आहे. काय करावं?

शल्यक

आजी, बाईंना दाबू देऊ नका. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, दाबणं-उचलणं अजिबात नको. तान्ह्याच्या बरगड्या फार मऊ असतात, इजा होते, आणि दाबून आकार बदलत नाही. नात दूध नीट पीत असेल, वजन वाढत असेल, शांत असताना श्वास सहज चालत असेल, तर या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुष्कळ बाळांत तो खड्डा फक्त रडताना दिसतो.

पण हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. आधी नसलेला खड्डा एक-दोन दिवसांत दिसायला लागला, ताप-खोकला आहे, पोट उडतंय, दूध ओढत नाही, ओठ निळे पडले, तर तो जन्मजात दोष नव्हे, न्यूमोनिया असू शकतो. त्याच तासाला दवाखाना. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, म्हणजे वेगाने चाललाय.

पेठ_सुरगाणा

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात काम करते, अंगणवाड्या आणि आश्रमशाळांमध्ये तपासणीला जातो. डॉक्टरांनी न्यूमोनियाचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. आमच्या भागात अजूनही बाळाची धाप थांबावी म्हणून पोटावर-छातीवर बिब्ब्याने डागतात. जखमा घेऊन आलेली बाळं पाहिली की झोप येत नाही. कुणाच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंकडून, गावाकडच्या नातेवाइकांकडून असं ऐकलंत तर त्यांना तिथल्या तिथे समजवा.

दुसरं, मुडदूस. जीवनसत्त्व ड कमी पडून हाडं नरम राहतात, तेव्हाही छाती पुढे येते. बरगड्यांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी गाठींची ओळ हाताला लागते, फासळ्यांच्या खाली आडवी खाच पडते, मनगटं रुंद दिसतात, पाय धनुष्याकार होतात, दात उशिरा येतात. यावर ब्रेस किंवा ऑपरेशन लागत नाही, आधी जीवनसत्त्व ड आणि कॅल्शियमचा उपचार. शहरातही सापडतं, फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांत. पहिल्या वर्षभर बाळाला रोज ४०० युनिट ड देतात, ते ड्रॉप्स मधेच बंद करू नका. आणि मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल, तर अ‍ॅडेनॉइडसाठी (नाकामागे वाढणाऱ्या गाठीसाठी) नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा. श्वास ओढून ओढून छाती आत जाऊ शकते.

आमच्या कार्यक्रमात शून्य ते अठरा वर्षांची मुलं येतात. शाळेत पथक आलं की मुलाला शर्ट काढायला लाजवू नका, पडद्याआड एकेकाला तपासून घ्या असं मुख्याध्यापकांना सांगा. रांगेत सगळ्यांसमोर काढायला लावलं की ज्याला दोष आहे तोच त्या दिवशी गैरहजर राहतो.

मल्लखांब_सर

ताई, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. आमच्या शाळेत पुढच्या तपासणीला पडदा लावायची जबाबदारी मी घेतो.

सिन्नरची_ताई

मुलींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या मुलीच्या उजव्या छातीचा स्नायूच नाही, त्याच बाजूची बोटं जन्मतः थोडी जोडलेली होती. बोटांचं ऑपरेशन लहानपणीच झालं, पण छातीकडे कुणी पाहिलं नाही. बारा वर्षांची झाल्यावर दोन बाजूंतला फरक दिसायला लागला आणि ती रडत आली. तेव्हा पोलंड सिंड्रोम हे नाव कळलं. त्या बाजूचा हात चांगला चालतो, बॅडमिंटन खेळते. पुढचा उपचार वाढ पूर्ण झाल्यावर ठरवू असं सांगितलंय. मुलींच्या बाबतीत आईने वेळीच मोकळेपणाने बोलावं, एवढंच सांगायचं होतं.

शल्यक

ताई, बरं झालं लिहिलंत. जोडलेली बोटं आणि त्याच बाजूची सपाट छाती एकत्र दिसली की हे डोक्यात यायला हवं. लंडनच्या आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. उजव्या बाजूला जास्त आढळतं.

आणखी एक राहिलं. मूल वयाच्या मानाने फार उंच, सडपातळ, बोटं लांबलचक, पसरलेल्या हातांची लांबी उंचीपेक्षा जास्त, चष्म्याचा नंबर मोठा, सांधे सैल, आणि वर छातीचा दोष, तर मार्फान सिंड्रोमची तपासणी करून घ्या. त्यात महाधमनी रुंदावू शकते आणि ते छातीच्या आकारापेक्षा कितीतरी गंभीर आहे. पाठही बघा, खळग्याबरोबर पाठीचा कणा वाकडा असणं बऱ्यापैकी आढळतं.

अंबडकर

खर्चाचं कुणीतरी लिहा. आमच्या ओळखीच्या एकाच्या मुलाचा क्लेम विमा कंपनीने 'सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया' म्हणून फेटाळला. इको, सीटी सगळं जोडलेलं असताना.

खातेवही

मी विम्याची कामं बघतो. पॉलिसीत जन्मजात व्यंगाचे बाह्य आणि अंतर्गत असे दोन प्रकार असतात. बाह्य बरेचदा वगळलेलं असतं, आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रियाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच लेखी मंजुरी मागा. डॉक्टरांच्या पत्रात 'छातीत खड्डा' एवढंच नको. हॅलर इंडेक्स किती, इकोत हृदयावर दाब आहे का, फुप्फुसांची क्षमता किती, दम लागतो का, आणि वैद्यकीय गरज म्हणून शस्त्रक्रिया सुचवली आहे, हे सगळं असावं. नकार आला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, तिथेही नाही जमलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.

सरकारी मदतीसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारे कर्मचारी, संलग्न रुग्णालयात बसतात. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधी त्यांना भेटा आणि हा उपचार यादीत बसतो का ते विचारून घ्या.

पेठ_सुरगाणा

आमच्या पथकाकडून चिठ्ठी घेतली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या पुढच्या तपासणीचं सरकारी केंद्र) पाठवता येतं, तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात. स्वतःहून दारोदार फिरण्यापेक्षा हे सोपं पडतं.

इंदिरानगरची_आई

शेवटचा प्रश्न. मुंबईला दाखवायचं झालं तर कुठे जावं? आणि उद्या ऑपरेशनची वेळ आलीच तर शाळेला काय सांगायचं?

शल्यक

बालशल्यचिकित्सा विभाग असलेल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सुरुवात करा. परळचं वाडिया आहे, महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. तिथे सरळ विचारा की छातीच्या दोषांची मुलं तुमच्याकडे नेहमी येतात का. आधीचे एक्स-रे, जन्मापासूनची फाइल, आणि फोटो सोबत ठेवा. सीटी स्कॅन आधीच करून नेऊ नका, सात वर्षांच्या मुलाला बहुधा तो लागणारही नाही.

मल्लखांब_सर

आम्ही भाच्याला पहिल्या तपासणीला पंचवटी एक्स्प्रेसने नेलं, सकाळी जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत. ओपीडीची वेळ बरोबर सापडते.

शाळेचं मी सांगतो, ते माझं क्षेत्र. ऑपरेशननंतर डॉक्टरांकडून तारखांसकट लेखी पत्र घ्या: दप्तर कधीपासून उचलायचं, पळायला कधी, कबड्डी-कुस्ती-मल्लखांब कधी. एक प्रत वर्गशिक्षकांना, एक पीटीच्या शिक्षकांना, एक ऑफिसच्या फाइलमध्ये. पुस्तकांचा दुसरा संच शाळेतच ठेवा. बाकावर पाठ टेकता येईल अशी जागा मागा. छातीत पट्टी असल्याचं कार्ड मुलाच्या ओळखपत्रामागे कायम असू द्या, आणि त्यावर हेही लिहा की हृदय बंद पडण्याची वेळ आली तर छाती दाबायला कचरू नये, फक्त जोर जास्त लागू शकतो, आणि हृदयाला शॉक द्यायच्या यंत्राचे पॅड एक पुढे आणि एक पाठीवर लावावेत. सहलीला जाताना हे सोबतच्या शिक्षकांना तोंडी सांगाच.

पीटीच्या तासाला त्याला वर्गात एकटं बसवून ठेवू नये असंही पत्रात मागा. भाच्याच्या शाळेत त्याला गुणफलक आणि घड्याळ सांभाळायला दिलं होतं, तो रोज मैदानावर होता. या सगळ्याच्या पत्राचा एक नमुना मी मराठीत तयार केलाय, हवा असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.